स्नोरनर कसा खेळावा: चिखल, बर्फ आणि मालाने भरलेला ट्रक

स्नोरनर पहिल्यांदा सुरू करणारा बहुतेक प्रत्येक जण त्याला शर्यतीचा गेम समजतो, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबतो आणि पहिल्याच दलदलीत ट्रकची चाके निम्मी बुडवून बसतो. मीही तेच केले होते. या गेममध्ये कोणी मागे लागलेले नसते आणि काही मोजक्या स्पर्धा सोडल्या तर घड्याळही धावत नसते. समोर असतात ती केवळ जमीन, भार आणि चाके. पन्नास मीटरच्या चिखलात अर्धा तास जाऊ शकतो आणि तोच पट्टा नीट तयारी केलेला खेळाडू एका दमात ओलांडतो. हा फरक हाताच्या चपळाईमुळे पडत नाही. गॅरेजमधून निघण्यापूर्वी कोणती वाट, कोणते टायर आणि किती भार हे ठरवण्यामुळे तो पडतो, म्हणून या लेखात चालवण्याइतकाच भर त्याआधीच्या निर्णयांवर दिला आहे.

सेबर इंटरॅक्टिव्हने तयार केलेला हा गेम एप्रिल २०२० मध्ये फोकस होम इंटरॅक्टिव्हने प्रसिद्ध केला. त्याआधी २०१४ मध्ये स्पिनटायर्स आणि २०१७ मध्ये मडरनर हे याच घराण्यातले गेम आले होते, त्यामुळे पुढील बरीचशी तत्त्वे त्यांनाही लागू पडतात. मूळ गेममध्ये अमेरिकेतील मिशिगन आणि अलास्का तसेच रशियातील तैमिर असे तीन प्रदेश आहेत आणि प्रत्येकात चार नकाशे आहेत. सुरुवात मिशिगनमधील ब्लॅक रिव्हर या नकाशावर होते. नवशिक्याने मिशिगनमध्ये भरपूर वेळ काढावा, कारण तिथला चिखल चूक सुधारण्याची संधी देतो आणि तैमिरचा चिखल ती फारशी देत नाही.

जमीन ओळखणे

या गेममधील जमीन स्थिर नसते. चाक जिथून जाते तिथली माती दबते, बाजूला सरकते आणि मागे चाकोरी उमटते. त्याच चाकोरीतून तीन-चार फेऱ्या झाल्या की ती इतकी खोल होते की चाके तळाला लागण्याआधीच ट्रकचे पोट मधल्या उंचवट्यावर टेकते. पोट टेकले की ट्रकचे वजन चाकांवरून उतरते, आणि वजन नसलेले चाक कितीही फिरले तरी पकड मिळत नाही. म्हणून ज्या वाटेने माल अनेकदा न्यायचा आहे तिथे प्रत्येक फेरीला चाके थोडी डावी-उजवीकडे ठेवावीत, जेणेकरून चाके जुन्याच चाकोरीत पडणार नाहीत आणि एकच खड्डा खोल होत जाणार नाही.

चिखलाचे प्रकार डोळ्यांनी ओळखता येतात. फिकट तपकिरी आणि कोरडी दिसणारी माती वरवर मऊ असली तरी खाली घट्ट असते. काळसर, ओलसर चमक असलेला भाग खोल असतो. ज्या चिखलावर पाण्याचा पातळ थर दिसतो, तिथे खोली किती आहे याचा अंदाज चाक आत जाईपर्यंत येत नाही. कडेला गवत, दगड किंवा झाडांची मुळे दिसत असतील, तर रस्ता सोडून त्या कडेने जाणे बहुतेक वेळा शहाणपणाचे ठरते. नकाशावर रस्ता म्हणून आखलेली वाट हीच उत्तम वाट असते, असा समज लवकर सोडून द्यावा.

पहिले काम टेहळणीचे

सुरुवातीला हाती येणारी शेव्हरोले सीके१५०० ही छोटी गाडी कामाची नाही असे अनेकांना वाटते, कारण तिच्यावर कंत्राटांचा मोठा माल लादता येत नाही. प्रत्यक्षात पहिल्या काही तासांत तीच सर्वांत उपयोगी असते. नकाशाचा बहुतांश भाग सुरुवातीला झाकलेला असतो आणि तो उघडण्यासाठी टेहळणी मनोऱ्यांपर्यंत पोहोचावे लागते. मनोऱ्याजवळ पोहोचताच आजूबाजूचा मोठा परिसर उघडतो आणि त्यासोबत ट्रकसाठीचे सुटे भाग, सोडून दिलेल्या गाड्या आणि नवी कामे नकाशावर दिसू लागतात. हलकी गाडी कमी इंधनात फिरते, अरुंद जागेतून जाते आणि अडकली तरी विंचने, म्हणजे झाडाला अडकवून गाडी ओढणाऱ्या तारेने, सहज निघते. भरलेला ट्रक मात्र अनोळखी वाटेवर अडकला की त्याला काढण्यासाठी दुसरा ट्रक आणावा लागतो.

म्हणून कोणत्याही नव्या नकाशावर गेल्यावर पहिली पायरी एकच असावी. टेहळणीची गाडी घ्यावी, तिच्या टपावर सुटे भाग आणि जादा इंधन ठेवण्याची सोय बसवावी, आणि सगळे मनोरे उघडेपर्यंत मालवाहतुकीचा विचार बाजूला ठेवावा. फिरताना प्रत्येक अवघड जागा मनात नोंदवावी: कोणत्या ओढ्याचे पाणी बोनेटपर्यंत येते, कोणत्या चढावर झाडे जवळ आहेत, कोणता पूल तुटलेला आहे. नकाशा उघडून वाटेवर स्वतःच्या खुणा ठेवता येतात आणि त्या खुणा गाडी चालवताना समोर दिसतात. गेम आपल्याला रस्ता दाखवत नाही. तो आपणच आखायचा असतो. मोठ्या खेपेआधी या खुणा लावण्यात गेलेली दोन मिनिटे पुढे फार मोठा वेळ वाचवतात.

टायर

इंजिनावर पैसा खर्च करण्याआधी टायरवर खर्च करावा, हा सल्ला मी प्रत्येक नव्या खेळाडूला देतो आणि त्याबद्दल मला शंका नाही. पकड नसेल तर जोरकस इंजिन चाकांना जागच्या जागी अधिक वेगाने फिरवते आणि खड्डा लवकर खोल करते, एवढेच.

गेममध्ये प्रत्येक टायरची डांबरी रस्ता, माती आणि चिखल या तीन पृष्ठभागांवरची पकड वेगवेगळी दाखवलेली असते. हायवे टायर डांबरावर चांगले आणि चिखलात निरुपयोगी. ऑल-टेरेन टायर सगळीकडे बऱ्यापैकी चालतात, पण कुठेच उत्कृष्ट नाहीत. ऑफ-रोड टायर मातीवर भरवशाचे असतात. मड टायरच्या खोल, रुंद खाचा चिखल पकडतात आणि फिरताना बाहेर फेकतात, त्यामुळे खोल चिखलात त्यांना तोड नाही. साखळीचे टायर हा वेगळा प्रकार आहे. बर्फाच्या निसरड्या थरावर साखळी जशी चावते तसे दुसरे काहीच चावत नाही, मात्र चिखलात तिचा भरवसा धरू नये.

बरेच टायर खेळाडूची पातळी वाढल्यावरच मिळतात. ही पातळी १ पासून ३० पर्यंत जाते आणि कामे पूर्ण केल्याने वाढते. तोपर्यंत मिळेल त्यातले सर्वांत मोठ्या व्यासाचे टायर बसवावेत. व्यास वाढला की ट्रकचे पोट जमिनीपासून वर उचलले जाते, आणि चिखलात पकडीइतकेच या उंचीलाही महत्त्व असते. काही ट्रकना मोठे टायर बसवण्यासाठी आधी उंच सस्पेन्शन लागते. ते बसवताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी: उंची वाढली की ट्रकचा तोल वर सरकतो आणि आडव्या उतारावर तो लवकर कलंडतो.

गिअर, एडब्ल्यूडी आणि डिफ-लॉक

या तीन गोष्टी नीट समजल्या की अर्धा गेम हाती आला असे मानावे, म्हणून इथे जरा थांबू या.

ऑटो गिअर साध्या रस्त्यासाठी आहे. चिखलात त्याचा त्रास असा होतो की चाक जरा मोकळे फिरले की गिअरबॉक्सला वेग वाढल्यासारखा वाटतो, तो वरचा गिअर टाकतो, त्या क्षणी जोर तुटतो, आणि ट्रक नेमका नको त्या ठिकाणी थांबतो. लो गिअरमध्ये असे होत नाही. तिथे गिअर बदलत नाही, इंजिनाचा जोर सलग मिळतो आणि चाके सावकाश फिरतात. गिअरबॉक्सच्या प्रकारानुसार लोच्याही एकाहून अधिक पायऱ्या मिळतात आणि सर्वांत संथ पायरीवर ट्रक अक्षरशः रांगत जातो. खडकाळ जागा, तीव्र उतार आणि अरुंद पूल यांसाठी ही रांगणारी चालच योग्य. हाय गिअर तेव्हा वापरावा जेव्हा गती आधीच मिळालेली आहे आणि गिअर बदलण्यात ती गमवायची नाही. चढावर मात्र त्याने इंजिन दमते.

एडब्ल्यूडी म्हणजे सगळ्या चाकांना इंजिनाची शक्ती पोहोचवण्याची सोय. ती सगळ्याच ट्रकना नसते. सुरुवातीला मिळणारा जीएमसी एमएच९५०० हा हायवेचा ट्रक तिच्याशिवायच असतो, म्हणून त्याला डांबरी रस्त्याजवळची कामे द्यावीत आणि चिखलात ढकलू नये. काही ट्रकसाठी एडब्ल्यूडी किंवा डिफ-लॉक हा सुटा भाग म्हणून नकाशावर कुठेतरी ठेवलेला असतो आणि तो शोधून आणावा लागतो. टेहळणी आधी का करायची, याचे हे आणखी एक कारण.

डिफ-लॉक समजण्यासाठी डिफरन्शिअलचे काम पाहावे लागते. वळण घेताना बाहेरच्या बाजूच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते, म्हणून एकाच आसावरच्या दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी यंत्रणा असते. पक्क्या रस्त्यावर ती अत्यावश्यक आहे. चिखलात मात्र एक चाक पातळ गाळात किंवा हवेत असले की ते मोकळे गरगरते आणि घट्ट जमिनीवर असलेल्या दुसऱ्या चाकाला पुरेसा जोर मिळत नाही. डिफ-लॉक दोन्ही चाकांना एकाच गतीने फिरायला भाग पाडतो, त्यामुळे ज्या चाकाखाली जमीन आहे ते ट्रक ओढू लागते. त्याची किंमत दोन प्रकारे मोजावी लागते: वळण मोठे होते आणि इंधन अधिक जळते. एडब्ल्यूडीनेही इंधनाचा खर्च वाढतो. म्हणून चिखल दिसू लागताच दोन्ही चालू करावेत आणि पक्की जमीन लागताच बंद करावेत. कित्येक खेळाडू ते बंद करायला विसरतात आणि वीस मिनिटांनी इंधन संपल्यावर कारण शोधत बसतात. काही ट्रकमध्ये डिफ-लॉक केवळ लो गिअरमध्ये लागतो आणि काहींत तो कायम चालूच असतो. ट्रक विकत घेण्यापूर्वी त्याच्या माहितीत हे अवश्य पाहावे.

एक चिखलाचा पट्टा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

समजा समोर सुमारे साठ मीटरचा काळा चिखल आहे, पलीकडे घट्ट माती आहे आणि ट्रकवर दोन खणांचा, म्हणजे माल ठेवायच्या दोन जागा व्यापणारा, माल आहे. माझी पद्धत अशी आहे.

चिखलाच्या अलीकडे, चाके अजून घट्ट जमिनीवर असताना थांबावे. कॅमेरा फिरवून दोन्ही कडा पाहाव्यात आणि विंच लावण्याजोगी जाड झाडे कुठे आहेत हे शोधावे. पहिले झाड विंचच्या आवाक्यात येईपर्यंत ट्रक स्वतःच्या बळावर किती आत जाईल, याचा अंदाज बांधावा. मग एडब्ल्यूडी आणि डिफ-लॉक चालू करून लो गिअर टाकावा आणि स्टिअरिंग सरळ करावे. वाकलेली पुढची चाके चिखलाची भिंत ढकलत जातात आणि त्यात बरीच शक्ती वाया जाते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

आत शिरताना ॲक्सिलरेटर एकसारखा ठेवावा. चाक फिरते आहे आणि ट्रकही पुढे सरकतो आहे, भले एक वीत का असेना, तोपर्यंत काहीही बदलू नये. या गेममध्ये संथ पण सलग चाल पुष्कळदा शेवटपर्यंत पोहोचवते, आणि धीर सुटून केलेली उलटसुलट हालचाल ट्रकला रुतवते. चाके फिरतात आणि ट्रक मुळीच हलत नाही असे दोन-तीन सेकंद झाले की लगेच पाय काढावा, कारण यापुढचे प्रत्येक फिरणे केवळ खड्डा खोल करते. अशा वेळी आपल्याच चाकोरीतून दोन मीटर मागे यावे. मागची जमीन नुकतीच दबलेली असते, म्हणून मागे येणे सहसा जमते. मग स्टिअरिंग किंचित वळवून, नवी माती चाकांखाली येईल अशा कोनातून पुन्हा पुढे जावे. दोनदा असे करूनही हललो नाही तर तिसऱ्यांदा प्रयत्न करू नये, विंच काढावी.

विंचचा योग्य उपयोग

विंचने ट्रकला खेचायचे नसते, चाकांना मदत करायची असते. नुसती विंच ओढत राहिली तर ती भरलेल्या ट्रकपुढे हतबल होते. विंचची ओढ आणि लो गिअरमधील चाकांचा जोर एकाच वेळी लावला की जवळजवळ प्रत्येक वेळी ट्रक निघतो.

झाड निवडताना जाडी पाहावी, कारण बारीक झाडे ओढीने उन्मळून पडतात. शक्यतो ट्रकच्या समोरचे झाड निवडावे. कडेच्या झाडाला विंच लावली तर ट्रक पुढे येण्याऐवजी बाजूला वळतो, आणि आडव्या उतारावर कलंडूही शकतो. मात्र ट्रक एका बाजूला कलू लागला असेल, तर उताराच्या वरच्या बाजूचे झाड पकडणे हाच त्याला सावरण्याचा मार्ग असतो. विंचचे टोक ट्रकच्या कोणत्या बिंदूला जोडायचे हे निवडता येते आणि ही निवड सवयीने पहिल्याच बिंदूवर सोडून देऊ नये.

साधी विंच इंजिन चालू असेल तरच चालते. स्वयंचलित विंच इंजिन बंद असतानाही ओढते, आणि ट्रक आडवा झाल्यावर इंजिन बंद पडते, त्यामुळे हा फरक नेमका संकटातच कळतो. सुरुवातीच्या दिवसांत माझी फ्लीटस्टार (एक मालवाहू ट्रक) विटा घेऊन शेवटच्या वळणावर पोहोचली होती आणि मालाचे ठिकाण समोर दिसत होते. वळणाची आतली कड उंच होती. मी वेग कमी केला नाही. बाहेरची चाके मऊ मातीत दबली, आतली चाके हलकेच उचलली गेली आणि ट्रक इतक्या सावकाश आडवा झाला की तो पडतो आहे हे कळूनही मला काही करता आले नाही. माल सुटून ओघळला. कडेला हवे तसे जाड झाड होते, पण साध्या विंचचा त्या क्षणी काही उपयोग नव्हता. गॅरेजमधून दुसरा ट्रक आणून, त्याची विंच फ्लीटस्टारच्या वरच्या बाजूला लावून तिला उभे करायला माझी पूर्ण संध्याकाळ गेली. त्यानंतर पातळी आणि पैसा जुळताच मी प्रत्येक ट्रकवर स्वयंचलित विंच आधी बसवतो आणि बाकी सुधारणा नंतर.

माल आणि ट्रेलर

प्रत्येक कामात कोणता माल किती हवा हे सांगितलेले असते आणि प्रत्येक माल ठरावीक खण व्यापतो. फ्लॅटबेडवर, म्हणजे ट्रकच्या मागच्या सपाट पाटावर, दोन खण मिळतात. त्यामागे साधा ट्रेलर जोडला की एका खेपेत जास्त माल जातो. सेमी-ट्रेलर ओढायचा तर ट्रकवर सॅडल, म्हणजे ट्रेलरचा पुढचा भाग टेकवून जोडण्याची बैठक, लागतो, आणि लो सॅडलला हाय सॅडलचा ट्रेलर जोडला जात नाही, म्हणून गॅरेजमधून निघण्यापूर्वीच ट्रेलर कोणत्या प्रकारचा आहे हे पाहावे.

ट्रेलर जोडण्याचा मोह मात्र आवरावा लागतो. पक्क्या रस्त्यावर तो वरदान आहे. खोल चिखलात तो नांगरासारखा माती उपसत मागे येतो. अवघड वाटेवर दोन छोट्या खेपा एका मोठ्या खेपेपेक्षा लवकर होतात, हा माझा अनुभव आहे आणि तो मी अनेकदा पडताळला आहे. अपवाद एकच. चिखलाचा पट्टा छोटा असेल तर ट्रेलर अलीकडे सोडून ट्रक पलीकडे न्यावा, मग मागे वळून विंचने ट्रेलर ओढून घ्यावा आणि पुन्हा जोडावा.

माल भरल्यावर तो बांधून घेणे विसरू नये. गोदामात आपोआप भरलेला माल बांधलेलाच असतो, पण क्रेनने स्वतः चढवलेला माल आपण बांधेपर्यंत सुटा राहतो आणि पहिल्याच धक्क्याला घसरतो. क्रेन चालवताना ट्रक सपाट जागी उभा करावा, ओझे जमिनीपासून फार उंच उचलू नये आणि ते ट्रकच्या बाजूला लांब धरण्यापेक्षा शक्य तितके जवळ धरून फिरवावे. लांब धरलेले ओझे ट्रकलाच उलटवते.

तुटलेले पूल आणि दरडीने बंद झालेले रस्ते दुरुस्त करण्याची कामे सर्वांत आधी घ्यावीत. त्यांचा मोबदला मोठ्या कंत्राटांपेक्षा कमी दिसतो, पण एकदा पूल उभा राहिला की पुढची प्रत्येक खेप सोपी होते. अलास्कातील नॉर्थ पोर्टसारख्या नकाशावर तेलाच्या पाइपलाइनची जड कामे डोळ्यांत भरतात; ती हाती घेण्यापूर्वी रस्ते मोकळे करणाऱ्याचे श्रम पुढे निम्म्याने कमी होतात.

पाणी आणि बर्फ

नदी ओलांडताना खोलीपेक्षा प्रवाह अधिक फसवतो. प्रवाह हलक्या गाडीला आडवी ढकलत नेतो, म्हणून किंचित वरच्या अंगाला तोंड करून शिरावे, म्हणजे वाहत जाऊनही आपण हव्या त्या जागी किनाऱ्याला लागतो. पाणी इंजिनात शिरू लागले की इंजिनाचे नुकसान होत राहते आणि अखेरीस ते बंद पडते. स्नॉर्कल बसवला की हवा घेण्याची जागा वर जाते आणि अधिक खोल पाण्यातून जाता येते. पाण्याच्या मधोमध थांबून विचार करणे सर्वांत महागात पडते. शंका असेल तर काठावरूनच परत फिरावे.

अलास्कात खोल बर्फ आणि गोठलेला निसरडा रस्ता या दोन वेगळ्या अडचणी आहेत. खोल बर्फ चिखलासारखाच वागतो आणि तिथे मोठ्या व्यासाचे टायर लागतात. निसरड्या रस्त्यावर साखळी लागते, आणि साखळी नसेल तर ब्रेक जवळजवळ वापरूच नये. लो गिअर टाकून इंजिनालाच ट्रक रोखू द्यावा. उतारावर ब्रेक दाबून चाके अडकली की ट्रक स्टिअरिंग मुळीच ऐकत नाही.

इंधन, दुरुस्ती आणि पैसा

लांबच्या कामाला निघताना एक आधारगाडी वाटेत मध्यावर उभी करून ठेवावी, जिच्यावर इंधन आणि सुटे भाग दोन्ही असतील. इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन, इंधनाची टाकी आणि चाके यांचे नुकसान वेगवेगळे मोजले जाते. त्यातही टाकीकडे आधी लक्ष द्यावे, कारण फुटलेली टाकी गळत राहते आणि दुर्लक्ष झाल्यास ट्रक भलत्याच ठिकाणी उभा राहतो. खडकांवरून वेगाने जाणे हे यांतील बहुतेक नुकसानाचे कारण असते.

काहीच उपाय उरला नाही तर ट्रक थेट गॅरेजमध्ये परत नेण्याची सोय आहे, आणि साध्या पद्धतीने खेळताना त्याचे पैसेही पडत नाहीत. मात्र जोडलेला ट्रेलर जिथे आहे तिथेच राहतो. म्हणून ही सोय वापरण्याआधी, त्या ट्रेलरपर्यंत दुसरा ट्रक कोणत्या वाटेने पोहोचेल याचा विचार करावा. कठीण पद्धतीत अशा सवलतींची किंमत मोजावी लागते, त्यामुळे पहिल्या खेपेला साधीच पद्धत निवडावी.

पैशांच्या बाबतीत सांगायचे तर सुरुवातीला नवे ट्रक विकत घेण्याची घाई करू नये. नकाशांवर कित्येक ट्रक सोडून दिलेले असतात आणि ते शोधून काढले की आपले होतात. साध्या पद्धतीत ट्रक विकला की त्याची खरेदीची किंमत परत मिळते, म्हणून चुकीचा ट्रक घेतला तर तो विकून दुसरा घेण्यात संकोच करण्याचे कारण नाही. एका चांगल्या ऑफ-रोड ट्रकवर टायर, डिफ-लॉक आणि विंच या क्रमाने खर्च केला, तर तीन साध्या ट्रकपेक्षा तो जास्त कामे पार पाडतो.

सोबत खेळताना

हा गेम चार जणांना एकत्र खेळता येतो आणि तेव्हा त्याचे रूप पालटते. चौघांनी एकाच प्रकारचे ट्रक आणू नयेत. एकाने टेहळणी करून पुढची वाट सांगावी, दोघांनी माल वाहावा, आणि चौथ्याने क्रेन, जादा इंधन व सुटे भाग घेऊन सर्वांच्या मागे राहावे. मालाचे दोन ट्रक एकमेकांना लागून चालवू नयेत; पुढचा रुतला तर मागच्याला थांबायला आणि तिथून विंच लावायला घट्ट जमीन शिल्लक हवी. पुढच्याने चिखल पार केल्यावर लगेच निघून न जाता पलीकडच्या घट्ट मातीवर ट्रक वळवून तोंड मागे करावे, इंजिन चालू ठेवावे आणि मागचा ट्रक चिखलाच्या मध्यावर येताच त्याला विंच द्यावी.